अंबरनाथला गेलेला छोटासा फिक्स

भोईरांचा मोबाइल वाजत होता, वाजत होता, आणि कुणी उचलत नव्हतं. मी परत लावला. परत तेच. समोरच्या खुर्चीत आमचा प्रोग्रामर प्रशांत पांढराफटक पडून बसला होता, आणि आमचे शेठ केबिनच्या दारात उभे राहून मला हातानं ‘ठेव, ठेव’ करत होते.

भोईर म्हणजे अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीचे शिफ्ट इनचार्ज. त्यांचा रिॲक्टर त्या क्षणी चालू होता आणि त्या रिॲक्टरचा अलार्म आम्ही बंद पाडला होता. आम्ही म्हणजे उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या आमच्या ऑफिसनं, इथं पंख्याखाली बसून. भोईरांना हे माहीत नव्हतं. थोड्या वेळापूर्वीपर्यंत मलाही नव्हतं.

आमची कंपनी छोटी आहे. खाली जीन्सचं होलसेल दुकान, वर आम्ही. कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. रिॲक्टर म्हणजे केमिकल शिजवायचा मोठा बंद हंडा समजा. काही केमिकल एकत्र आली की आपली आपणच तापतात. हंड्याच्या बाहेरून थंड पाणी फिरवून त्यांना आवरावं लागतं. पाणी कमी पडलं आणि तापमान एका हद्दीपलीकडे गेलं, की मग ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही. आमच्या अंबरनाथ-बदलापूरच्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. मोठा आवाज झाला की आमच्याकडे माणूस आधी एमआयडीसीच्या दिशेला बघतो.

आमचं सॉफ्टवेअर त्या तापमानावर नजर ठेवतं आणि हद्द जवळ आली की हूटर, म्हणजे भोंगा, वाजवतं. हूटर वाजला की ऑपरेटर धावत जाऊन थंड पाण्याचा मोठा व्हॉल्व्ह उघडतो. पूर्वी या कामासाठी रिॲक्टरच्या तापमान दाखवणाऱ्या काट्यासमोर एक माणूस कायम उभा असायचा. आमचं सॉफ्टवेअर बसलं आणि तो माणूस दुसऱ्या कामाला लावला गेला. शेठनी ते विकलंच तसं होतं. म्हणजे त्या हंड्याशेजारी काम करणाऱ्यांना धोक्याची पहिली हाक देणारे आम्हीच, आणि त्या दिवशी आमचंच तोंड बंद होतं.

आता हे झालं कसं, ते सांगते. मी रिलीज सांभाळते. रिलीज म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर पोचवणं. प्रोग्रामरनं काही बदल केला की तो साठवताना एक ओळ लिहावी लागते, काय बदललं त्याची. तिला कमिट मेसेज म्हणतात. खालच्या दुकानात जीन्सच्या प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी असते, साइज, रंग, वॉश, तशीच ही चिठ्ठी. पूर्वी आमच्याकडे कुणी काहीही लिहायचं. ‘झालं’. ‘आता तरी चाल’. एका महाभागानं ‘देवा पाव’ असं लिहिलं होतं. त्यावरून काय पाठवायचं आणि काय नाही, हे शोधताना माझा दर शुक्रवार जायचा.

म्हणून मी नियम लावला. ओळीची सुरुवात ठरलेल्या शब्दानंच करायची. चूक दुरुस्त केली तर ‘फिक्स’. नवी सोय दिली तर ‘फीचर’. आणि बदलामुळे जुनं काही चालेनासं होणार असेल तर ‘ब्रेकिंग’. रिलीज पाठवणारं मशीन तो पहिला शब्द वाचतं आणि पुढचं स्वतःच करतं. फिक्स असेल तर टेस्ट चालवून त्याच दिवशी सगळ्या प्लांटना आपोआप पाठवतं. ब्रेकिंग असेल तर अडवून ठेवतं. प्लांटचा माणूस हो म्हणेल, रिॲक्टर बंद असेल, आमचा माणूस तिथं हजर असेल, तेव्हाच सोडतं. बदल कुठला, गेला कधी, याची नोटही तेच लिहितं. सहा महिने मी अगदी सुखात होते.

पण आमच्या ऑफिसला एक खोड आहे. शेठ मूळचे कापडाच्या धंद्यातले. त्या धंद्यात गिऱ्हाइकाला घाबरवायचं नसतं. नवा माल असला तरी ‘वही माल है साईं’ म्हणायचं. सॉफ्टवेअरमध्ये आले तरी शेठची जीभ तीच राहिली. फोनवर कुणीही काहीही विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘कुछ नहीं, छोटा सा फिक्स है.’ अख्खं सॉफ्टवेअर बदललं तरी छोटा सा फिक्स. खाण तशी माती. आमच्या प्रोग्रामरांनीही तेच उचललं. ब्रेकिंग लिहिलं की बदल अडकणार, प्लांटकडून तारीख मिळणार नाही, आणि शेठ रोज खुर्चीमागे येऊन ‘क्यों नहीं गया अभी तक?’ विचारणार. फिक्स लिहिलं की चहा संपायच्या आत काम फत्ते. सगळं फिक्सच्याच नावानं जायला लागलं. मी यावरून केबिनमध्ये जाऊन भांडले होते. मी तापट आहे, आवाज जिन्यापर्यंत गेला होता. शेठ म्हणाले, ‘सुजाता, तू टेन्शन बहुत लेती है.’

तर त्या दिवशी मी डबा खाताखाता आदल्या संध्याकाळी गेलेल्या रिलीजची नोट वाचत होते. त्यात प्रशांतची ओळ होती. ‘फिक्स: अलार्मची हद्द वाचण्याची पद्धत सुधारली.’

मला ते ‘पद्धत’ खटकलं. चूक दुरुस्त केली तर पद्धत कशाला बदलेल? डबा बाजूला सारला आणि कोड उघडला. पूर्वी पूर्ण बॅचला, म्हणजे हंड्यातल्या एका घाण्याला, तापमानाची एकच हद्द असायची. प्रशांतनं बॅचच्या तीन टप्प्यांना तीन वेगळ्या हद्दी दिल्या होत्या. कल्पना चांगली होती, प्लांटवाल्यांनीच मागितली होती. पण एखाद्या कॉम्प्युटरवर जुनं, एकाच हद्दीचं सेटिंग असेल, तर नव्या सॉफ्टवेअरला ते वाचताच येत नव्हतं. वाचता आलं नाही म्हणजे हद्द नाही, आणि हद्द नाही म्हणजे हूटर नाही. स्क्रीनवर सगळं हिरवंगार दिसणार.

प्रशांत वांगणीहून येतो. आमच्यातला सगळ्यात हुशार माणूस, कामात कधी टंगळमंगळ नाही. मी त्याला हाक मारली.

‘जुन्या सेटिंगवर हे चालवून बघितलंस?’

‘जुनं कुणाकडे राहिलंय मॅडम? सगळ्यांचं मागच्या शटडाउनला बदललं ना आपण.’

‘भोईरांचं?’

तो हसत होता, ते हसू तसंच थिजलं. भोईरांचं शटडाउन, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्त्या करायचं काम, पुढे ढकललं गेलं होतं. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आणि जुनं सेटिंग एकट्या त्यांच्याकडेच राहिलं होतं.

मी आधी आपोआप जाणारे सगळे रिलीज थांबवले. मग जुनी आवृत्ती परत पाठवली. हे मिनिटांचं काम. पण भोईरांच्या प्लांटमधला कॉम्प्युटर सुरक्षेसाठी दिवसभर इंटरनेटपासून तोडलेला असतो. शिफ्टच्या सुरुवातीला थोडा वेळ जोडतात, तो अपडेट उचलतो, की परत तोडतात. सकाळच्या शिफ्टला त्यानं आमचा घोळ उचलला होता. दुरुस्ती पुढच्या शिफ्टला पोचणार. आणि प्रशांतनं त्यांचं बॅचचं वेळापत्रक उघडून मला दाखवलं. सगळ्यात जास्त तापणारा टप्पा आत्ता, दुपारी होता.

भोईरांचा नंबर शोधला. मी फोन उचलला आणि शेठ दारात आले. प्रशांतनं त्यांना घडलेलं सांगितलं होतं.

‘किसको फोन कर रही है?’

‘भोईरांना. काट्यासमोर माणूस उभा करा म्हणून सांगते.’

‘पागल है क्या? अलार्म बंद है बोलेगी? कल से अपना सॉफ्टवेअर निकाल के फेंक देंगे.’ शेठ आत आले आणि आवाज खाली आणला. ‘सुन. प्रशांत को लॅपटॉप देके भेज. रूटीन विजिट बोलेगा, जाके ठीक कर देगा. किसी को पता भी नहीं चलेगा.’

झाकली मूठ सव्वा लाखाची. शेठचा सगळा धंदा त्यावर उभा आहे, आणि एरवी मी त्यात पडत नाही. पण कॅम्प तीनच्या गल्लीतून भर दुपारी एमआयडीसीला पोचायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं.

‘शेठ, तोपर्यंत काही झालं तर?’

‘आधे घंटे में क्या होता है?’

‘अर्ध्या तासात हंडा फुटतो,’ मी म्हणाले. ‘तिथं माणसं आहेत.’

शेठ मान हलवत परत दारात जाऊन उभे राहिले. मी नंबर लावला. तोच हा फोन, जो कुणी उचलत नव्हतं.

मग माझ्या डोक्यात आलं. केमिकल प्लांटमध्ये मोबाइल आत नेऊ देत नाहीत, ठिणगीची भीती असते. सगळ्यांचे मोबाइल गेटवरच्या कप्प्यात ठेवलेले असतात. मी भोईरांना नाही, एका लोखंडी कपाटाला फोन करत होते. गेटच्या लँडलाइनवर लावला तर एंगेज. लॅपटॉप घेऊन प्रशांत आणि मी खाली उतरलो. गल्लीत टेम्पोतून डेनिमचे तागे उतरवत होते, रिक्षा हलेना. प्रशांत उतरून टेम्पोवाल्यावर ओरडायला लागला. मी प्रशांतला कधी ओरडताना पाहिलं नव्हतं. मी रिक्षात बसून नंबर दाबत राहिले. एंगेज. एंगेज. आम्ही कॅम्प चारच्या रस्त्याला लागलो तेव्हा कुठे रिंग गेली.

‘भोईर साहेबांना बोलवा, अर्जंट आहे.’

‘साहेब आत आहेत. जेवणाची सुट्टी चालू आहे. नंबर सांगून ठेवा, सुट्टी संपली की सांगतो,’ गेटवरचा सिक्युरिटी म्हणाला.

‘नंतर नाही. आत्ता.’

‘मॅडम, सगळे अर्जंटच बोलतात.’

निघताना जिन्यात शेठनी मला बजावलं होतं, गेटवर कुणाला एक शब्द बोलायचा नाही, बोलायचंच असेल तर ते भोईरांशीच. मी एकदा प्रशांतकडे बघितलं. तो लॅपटॉप पोटाशी धरून खाली बघत होता.

‘हे बघा दादा,’ मी म्हणाले, ‘तुमच्या रिॲक्टरचा अलार्म बंद आहे. तापमान वाढलं तरी हूटर वाजणार नाही. मी सॉफ्टवेअर कंपनीतून बोलतेय, आमच्या हातून बंद झालाय. इंटरकॉमवर साहेबांना सांगा, काट्यासमोर माणूस उभा करा.’

पलीकडे खुर्ची सरकली. मग रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज, आणि तो दुसऱ्या फोनवर ओरडत असलेला ऐकू आला. लाइन चालूच होती. मी कानाला फोन दाबून बसले. रिक्षावाला आरशातून बघायला लागला, त्यालाही काहीतरी कळलं असणार. न सांगता त्यानं वेग वाढवला.

बऱ्याच वेळानं फोनवर भोईरांचा आवाज आला. इंटरकॉमवरून गेटला, गेटवरून मला, असा दोन रिसीव्हर एकमेकांना लावून.

‘मॅडम, काय झाला?’

मी परत सांगितलं, मोजक्या शब्दांत.

‘थांबा,’ ते म्हणाले. मग आमच्याशी नाही, दुसऱ्या कुणाशी तरी बोलले. ‘स्क्रीनवर किती आहे? बघ रे. कुठे गेला तो?’

स्क्रीनसमोरचा ऑपरेटर हूटरच्या भरवशावर ड्रम मोजायला गेला होता. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त पावलांचे आवाज आले, आणि मग भोईर एकदम मोठ्यानं म्हणाले, ‘व्हॉल्व्ह खोल. पूर्ण खोल. बाकीचे बाहेर निघा, सगळे बाहेर.’

इंटरकॉम पडला. गेटचा रिसीव्हरही सिक्युरिटीनं सोडला असावा. त्यानंतर फक्त खरखर. मी ‘हॅलो, हॅलो’ करत राहिले. शेजारी प्रशांत पुटपुटला, ‘मॅडम, माझ्यामुळे झालं.’ मला त्याची कीव आली आणि रागही आला. दोन्हीला त्या वेळी जागा नव्हती. ‘आधी पोचू दे,’ मी म्हणाले.

एमआयडीसीच्या रस्त्याला वळल्यावर मी आभाळाकडे बघत होते, धूर आहे का. नव्हता. गेटसमोर माणसं गोळा झाली होती, डोक्यावर पिवळी हेल्मेटं, एकाच्या हातात अर्धा खाल्लेला डबा. मी चपला घालून आले होते, म्हणून सिक्युरिटीनं मला आत सोडलं नाही. त्या परिस्थितीतही नियम म्हणजे नियम. मला त्याचा राग आला नाही, उलट बरं वाटलं. कुणीतरी तरी नियम पाळत होतं.

भोईर बाहेर आले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी हेल्मेट काढलं, काखेत धरलं.

‘उतरतंय आता,’ ते म्हणाले. ‘हद्द ओलांडून वर गेलं होतं. हूटर वाजलाच नाही. तुमचा फोन आला म्हणून बघितला.’

‘कुणाला काही लागलं?’

‘नाय.’

मी तिथेच फुटपाथच्या कडेवर बसले. लाज वाटावी असं रडू येत होतं. ते मी आवरलं नाही.

प्रशांतला बूट आणि हेल्मेट देऊन भोईरांनी आत नेलं. त्यानं जुनी आवृत्ती बसवली, हूटर वाजवून दाखवला. ते परत आले तेव्हा भोईर चिडलेले नव्हते, त्यापेक्षा वाईट, शांत होते. त्यांनी मला विचारलं, ‘हे तुम्ही पाठवता, तेव्हा काय पाठवलं ते कुठे लिहिता का?’

‘लिहितो. त्या शब्दावरूनच तर मशीन पाठवतं.’

‘काय लिहिला होता?’

मी प्रशांतकडे बघितलं नाही. मोबाइलवर नोट काढली आणि वाचून दाखवली. अलार्मची हद्द वाचण्याची पद्धत सुधारली, फिक्स.

भोईरांनी ते ऐकून घेतलं. ‘म्हणजे जुना सेटिंग असेल तर अलार्म बंद होईल, असं लिहायला जागा नव्हती?’

‘होती,’ प्रशांत म्हणाला. ‘तसं लिहिलं असतं तर मशीननं पाठवलंच नसतं, साहेब.’

‘मग?’

प्रशांतनं उसनं हेल्मेट काढून भोईरांच्या हातात दिलं.

तेवढ्यात शेठचा फोन आला. ‘क्या बोला तूने उनको?’ मी म्हणाले, ‘जे झालं ते.’ मी पुढे सांगितलं की तापमान हद्दीपलीकडे गेलं होतं, भोईरांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि व्हॉल्व्ह उघडून घेतला. शेठ म्हणाले, ‘सब ठीक हैं ना वहाँ?’ ठीक आहेत म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला. शेठ वाईट माणूस नाहीत. रिॲक्टर कधी जवळून पाहिला नव्हता एवढंच.

प्लांटच्या मालकांनी आम्हाला काढलं नाही. सॉफ्टवेअर ठेवलं, पण आपोआप अपडेट घेणं बंद केलं, आणि काट्यासमोरचा माणूस परत आणून उभा केला. मला विचाराल तर दोन्ही बरोबर. शेठ आठवडाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले.

मी मशीनचा नियम बदलला. हूटर किंवा हद्द, यांच्या कोडला कुणी हात लावला की लिहिणारा फिक्स लिहो की आणखी काही, मशीन ते ब्रेकिंगच धरतं आणि अडवतं. प्रोग्रामरांनी कुरकुर केली, आमच्यावर विश्वास नाही का म्हणून. मी म्हटलं, नाही. शेठनी ते ऐकलं. आता नव्या गिऱ्हाइकाला ते छातीठोक सांगतात, ‘साईं, हमारा सिस्टम अपने खुद के आदमी पे भी भरोसा नहीं करता.’ धंदा कशाचाही होतो.

प्रशांतनं तोच बदल पुन्हा केला, जुनं सेटिंग सांभाळून. या वेळी त्यानं सुरुवातीलाच ब्रेकिंग लिहिलं, आणि खाली चार ओळींत साध्या भाषेत, कुठल्या प्लांटमध्ये काय बंद पडू शकतं ते. मशीननं ते अडवलं. भोईरांनी शटडाउनची तारीख दिली, ती बरीच लांबची होती. आम्ही थांबलो. तारीख आली तेव्हा प्रशांत स्वतः गेला. नवी आवृत्ती बसवली, आणि नंतर पहिली बॅच पूर्ण होईपर्यंत भोईरांनी त्याला काट्यासमोर उभं केलं. शिक्षा म्हणून नाही, तिथं माणूस लागतोच म्हणून. संध्याकाळी ऑफिसात आला तेव्हा मी विचारलं, कसं गेलं. म्हणाला, ‘मॅडम, तो काटा हलला ना, की हात आपोआप व्हॉल्व्हकडे जातो.’

माणूस समोर असला की आपण किती खोटं बोलतोय ते त्याला डोळ्यांवरून, आवाजावरून कळतं, आणि तो आपल्याला सांभाळून घेतो. ‘छोटा सा फिक्स’ म्हटलं की भोईर फोनवर दोन प्रश्न जास्त विचारायचे. मशीन विचारत नाही. त्याला शब्द खरा वाटतो आणि ते दिवसभर, न थकता, तो खरा धरून काम करतं. म्हणून ऑफिसात नवा माणूस आला की मी त्याला नियमांचा कागद देत नाही. आधी अंबरनाथला घेऊन जाते, मोबाइल गेटवर ठेवायला लावते, आणि तो ज्यांच्या अलार्मला हात लावणार आहे त्यांची नावं विचारून घ्यायला सांगते.